पंचवीस फुटांत बेसबॉल

नागपुरात एप्रिल निम्मा सरला की सकाळी आठनंतर मैदानावर उभं राहवत नाही. नवतपा लागेपर्यंत पारा पंचेचाळिशीच्या घरात गेलेला असतो आणि पुढे मृग बरसला की त्याच मैदानाचा चिखल होतो. शाळा-कॉलेजला सुट्या असतात, मुलांच्या हाताशी वेळ असतो, नेमके तेच महिने बॅटिंगला मिळत नाहीत. धावणं, फेकणं, झेलणं थोड्या दिवसांत परत अंगात येतं. येणारा चेंडू ओळखून बॅट वेळेवर सोडण्याची सवय मात्र लवकर मोडते आणि उशिरा जुळते. म्हणून बेसबॉल किंवा सॉफ्टबॉल मनापासून खेळलं जातं त्या घरात आज ना उद्या पिचिंग मशीनचा, म्हणजे फिरत्या चाकांनी बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्या यंत्राचा विषय निघतोच. जागाही सापडते: अपार्टमेंटखालचं पार्किंग, हिंगण्याकडचं एखादं रिकामं गोदाम, चातुर्मासात बंद असलेलं मंगल कार्यालय. पैसे जमवून मशीन येतं. ते लावायचं कसं, यावर मात्र फार कमी बोललं जातं. चुकीचं लावलेलं मशीन चांगल्या बॅटरचा स्विंग बिघडवतं, हे माझं ठाम मत आहे.

मशीन घेताना सगळे एकच विचारतात, किती वेगाने टाकतं? त्याआधी विचारायला हवं, की आपल्या जागेत चेंडू प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथल्या जमिनीवरच्या पट्टीपर्यंत, यायला किती वेळ घेतो. बॅटरला वेग दिसत नाही, त्याच्या वाट्याला येतो तो वेळ. बेसबॉलमध्ये पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची रबरी पट्टी या होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर, म्हणजे १८.४४ मीटरवर असते. पिचर पाऊल पुढे टाकून चेंडू सोडतो, त्यामुळे चेंडू प्रत्यक्षात साधारण ५५ फुटांवरून निघतो. तिथून ताशी १४३ किलोमीटरचा फास्टबॉल ०.४२ सेकंदात प्लेटवर येतो. आता पार्किंगमध्ये मशीनच्या तोंडापासून प्लेटपर्यंत २५ फूट मिळत असतील, तर तेवढाच वेळ द्यायला चेंडू ताशी फक्त ६५ किलोमीटरने यायला हवा. हिशोब अगदी सरळ आहे. मैदानावरचा वेग घ्या, त्याला आपल्या अंतराने गुणा आणि खऱ्या सुटण्याच्या अंतराने भागा. हवेमुळे होणारी घट यात धरलेली नाही, पण घरच्या कामाला एवढं पुरतं.

बहुतेक ठिकाणी नेमकं इथेच गणित चुकतं. मशीनवर १०० चा आकडा आहे म्हणून तो लावला जातो. २५ फुटांवरून ताशी १०० ने येणारा चेंडू ०.२७ सेकंदात पोचतो. एवढ्या वेळात चेंडू पाहून, ठरवून बॅट फिरवणं कुणालाच शक्य नाही. मग मुलं चेंडू चाकात शिरतो त्या ‘खट्ट’ आवाजावर बॅट सोडायला लागतात. चेंडू रोज त्याच जागी येत असल्याने तो लागतोही, आणि बघणाऱ्यांना वाटतं, पोट्टा काय मारतोय! मैदानावर खरा पिचर समोर आला की तोच मुलगा चेंडू यायच्या आधी बॅट फिरवून मोकळा होतो.

वेळ मोजायला रडार गन लागत नाही. फोनच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम मिळतात. फोन बाजूला, नेटच्या बाहेर ठेवा. मशीनचं तोंड आणि प्लेट दोन्ही चित्रात यायला हवीत. चेंडू चाकांतून सुटल्याच्या फ्रेमपासून प्लेटच्या पुढच्या कडेवर येईपर्यंतच्या फ्रेम मोजा. ०.४२ सेकंद म्हणजे १०१ फ्रेम. दोन-तीन फ्रेम इकडे-तिकडे झाल्या तर सोडून द्यावं. दहा फ्रेमचा फरक दिसला तर मशीनमध्ये, विजेत किंवा चेंडूत काहीतरी बिघडलेलं असतं. ही मोजणी सरावाआधी रोज करावी असं मी म्हणेन. दोन मिनिटं लागतात आणि पुढचे सगळे दोष इथेच पकडले जातात.

मशीनच्या उंचीकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. ०.४२ सेकंदांत कुठलाही चेंडू गुरुत्वाकर्षणाने सुमारे ८७ सेंटिमीटर खाली येतो, मग तो ५५ फुटांवरून निघालेला असो की २५. पण जवळून हळू येणारा चेंडू तेवढंच अंतर कमी लांबीत उतरतो, त्यामुळे तो जास्त तिरपा होऊन प्लेटवर येतो. मशीन पिचरच्या हाताच्या उंचीवर, पाच-सहा फुटांवर लावलं की चेंडू वरून कोसळल्यासारखा येतो. तो पकडायला बॅटर खालून वर उचलून मारायला शिकतो. पंधरा दिवसांत खांदा पडतो, मागचा गुडघा दुमडतो आणि मैदानावर नुसते उंच झेल उडायला लागतात. उपाय सोपा आहे. मशीनचं तोंड बॅटरच्या कमरेइतकं खाली आणा आणि किंचित वर, साधारण साडेसहा अंशांवर रोखा. चेंडू मध्ये जेमतेम वीतभर वर चढतो आणि प्लेटवर तेवढ्याच कोनात उतरतो. खऱ्या फास्टबॉलचा उतार जवळपास एवढाच असतो.

लहान मुलांसाठी हे गणित थोडं अडतं. त्यांना जास्त वेळ, समजा ०.५७ सेकंद द्यायचा, तर २५ फुटांवर वेग ताशी ४८ पर्यंत उतरवावा लागतो आणि चेंडू बारा अंशांच्या उतारावर येतो. म्हणून बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शक्य असेल तर ३५ फुटांवर उभं करावं. तिथे वेग ताशी ६७ च्या आसपास ठेवला की वेळही मिळतो आणि उतारही सुसह्य होतो.

जागेचं माप घेताना २५ फूट हे फक्त चेंडूच्या प्रवासाचं अंतर आहे, हे ध्यानात ठेवावं. बॅटरच्या मागे सहा-सात फूट आणि मशीनच्या मागे चेंडू घालणाऱ्याला पाच-सहा फूट, म्हणजे एकूण ४० फूट लांबी धरावी. रुंदी किमान १० फूट, १२ मिळाली तर उत्तम. पार्किंगमध्ये खरी अडचण उंचीची असते. स्लॅब उंच असला तरी बीम खाली उतरलेला असतो आणि स्विंगच्या शेवटी बॅट तिथेच आदळते. बॅटर बीमच्या रेषेत उभा राहणार नाही अशी प्लेट मांडावी. होम प्लेट बाजारातून आणायची गरज नाही. जाड रबर शीटमधून १७ इंच रुंदीची कापून घेतली की काम होतं.

नेट निवडताना भोक आणि दोरा दोन्ही पाहावे. बेसबॉलचा व्यास सुमारे ७४ मिलिमीटर असतो, म्हणून ४५ ते ५० मिलिमीटरचं भोक चालतं. क्रिकेटच्या सरावाचं जाड नायलॉन नेट इथे सहज मिळतं आणि ते पुरेसं आहे. बागेसाठी विकली जाणारी पातळ जाळी घेऊ नये, ती काही आठवड्यांत गाठीपाशी तुटते. सांगाड्याला जीआय पाइप इतवारीच्या लोहा ओळीत मिळतील. नेट मात्र पाइपला ताणून बांधू नका. ताणलेलं नेट चेंडू परत फेकतं, आणि बंदिस्त जागेत बहुतेक इजा याच उलट्या चेंडूने होतात. भिंतीपासून दीड फूट आत, सैल, जमिनीवर फूटभर लोळेल असं सोडलं की चेंडू त्या घडीत शिरून तिथेच पडतो. बॅटरच्या मागच्या नेटवर जुनी सतरंजी किंवा ताडपत्री टांगली तर नेटचं आयुष्य वाढतं. मशीनच्या मागे मात्र गडद हिरवं किंवा काळं कापड हवं. पांढऱ्या भिंतीतून येणारा पांढरा चेंडू शोधण्यातच निम्मा वेळ जातो, आणि आपल्याकडे मुळात आहेच ०.४२ सेकंद.

मशीनचा इतिहास बघितला तर त्याच्या मुळाशी हाच खटाटोप दिसतो. १८९७ मध्ये प्रिन्स्टनला गणित शिकवणाऱ्या चार्ल्स हिंटन यांनी बॅटिंगच्या सरावासाठी चक्क बंदुकीच्या दारूवर चालणारी तोफ बनवली होती. पिचरचा खांदा न थकवता पुन्हा पुन्हा तसाच चेंडू हवा, एवढीच त्यामागची गरज. आज घरगुती वापरात मुख्यतः चाकांची मशीनं दिसतात. दोन चाकांच्या मशीनमध्ये चेंडू दोन्ही चाकांत दाबला जातो आणि चाकाच्या कडेच्या वेगानेच बाहेर पडतो. ३० सेंटिमीटर व्यासाचं चाक मिनिटाला साधारण ११५० फेरे घेत असेल तर चेंडू ताशी ६५ ने निघतो. एका चाकाच्या मशीनमध्ये चेंडू चाक आणि स्थिर पट्टी यांच्यामधून घरंगळत जातो, त्यामुळे त्याला चाकाच्या निम्माच वेग मिळतो. तेवढ्याच वेगासाठी चाक दुप्पट फिरवावं लागतं आणि रबर लवकर झिजतं. चाक खाली असेल तर चेंडूला उलटी फिरकी मिळते, म्हणजे तो फास्टबॉलसारखा तरंगत येतो. चाक वर असेल तर तो डुबकी मारतो. एका चाकाचं मशीन घेत असाल तर चाक खाली असलेलंच घ्या.

बेसबॉलचं मशीन मागवणं परवडत नसेल तर नागपुरातल्या क्रिकेट अकादम्यांमध्ये असतं तसं दोन चाकांचं बॉलिंग मशीनही चालतं. क्रिकेटचा चेंडू आणि बेसबॉल यांच्या व्यासात जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा फरक आहे. फक्त ते उंच तिपाईवर असतं, ते कमरेपर्यंत खाली आणायला वेगळा स्टँड वेल्डिंग करून घ्यावा लागतो. चाकांमधली फट चेंडूच्या व्यासापेक्षा सुमारे एक सेंटिमीटरने कमी असावी. फट मोठी राहिली की चेंडू घसरतो, फार लहान झाली की मोटर गुरगुरते आणि चामडं सोलून निघतं. टेनिस बॉल म्हणूनच या मशीनवर नीट चालत नाही. त्याचा व्यास ६५ ते ६८ मिलिमीटर असतो, चाकं त्याला जेमतेम शिवतात.

विजेचं बघू. बाहेरून आणलेलं मशीन बऱ्याचदा ११० ते १२० व्होल्टचं असतं. ते आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलं की जळतंच. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या आणि तो मशीनच्या पाटीवरच्या व्होल्ट गुणिले अँपिअरच्या किमान दुप्पट क्षमतेचा घ्या, कारण चाकं सुरू होताना मोटर काही क्षण बराच जास्त करंट ओढते. मोटर एसी इंडक्शनची असेल तर आणखी एक अडचण येते. ६० हर्ट्झसाठी बनलेली मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्शाने हळू फिरते, आणि ट्रान्सफॉर्मर ते दुरुस्त करू शकत नाही. अशा मशीनच्या डायलवरचा आकडा खरा मानू नये, फोनवरच्या फ्रेम मोजाव्या.

मे महिन्याच्या संध्याकाळी घरोघरी कूलर आणि एसी सुरू होतात आणि व्होल्टेज खाली येतं. साध्या डीसी मोटरचा वेग व्होल्टेजच्या मागे जातो. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर ६५ चा चेंडू ५८-५९ वर येतो आणि प्लेटवर जवळपास २१ सेंटिमीटर खाली पोचतो. कमरेवर येणारा चेंडू मांडीवर आला, बॅटर त्याच्यामागे वाकायला लागला, की प्रशिक्षक त्याच्या पायांची चूक शोधत बसतात. चूक वायरीत असते. मशीनला स्वतंत्र सर्किट द्या आणि शक्य असेल तर सर्वो स्टॅबिलायझर लावा. रिलेवर चालणारे स्वस्त स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने उड्या मारतात, त्यामुळे दोन चेंडू एकसारखे पडत नाहीत. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय पावसाळ्यात पार्किंगमध्ये मशीन सुरू करू नये.

उष्णतेचा परिणाम चाकांवरही होतो. हवेच्या टायरचं मशीन पहाटे २५ अंशांना भरून ठेवलं आणि दुपारी ४५ अंशांना चालवलं, तर गेजवरचे १५ पीएसआय साधारण १७ होतात. टायर कडक होतो, चेंडू जास्त दाबला जातो आणि वर जायला लागतो. म्हणून हवा सरावाच्या वेळीच तपासावी. दुपारी पत्र्याच्या शेडखाली सराव मात्र ठेवूच नये. तिथे बाहेरच्यापेक्षाही जास्त उकाडा असतो, आणि हेल्मेट घातलेल्या मुलाला उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. सकाळी साडेपाच ते आठ, किंवा अंधार पडल्यावर. कूलर लावलात तर तो बॅटरच्या मागे ठेवा आणि खिडक्या उघड्या असू द्या. कूलरची ओली हवा थेट मशीनवर आली की चाकांवर आणि चेंडूंवर दमटपणा धरतो, चेंडू निसटतो आणि आखूड पडतो. चामड्याचा चेंडू ही ओल शोषून जडही होतो. त्यामुळे घरच्या मशीनला चामड्यापेक्षा पॉलियुरेथेनचे खळीदार चेंडू बरे, त्यांना शिवण नसल्याने चाकांची पकड दर वेळी सारखी राहते. एक अडचण तेवढी आहे. कॉम्पोझिट (कार्बन फायबरसारख्या मिश्र पदार्थाची) बॅट अशा चेंडूंवर तडकू शकते आणि बरेच उत्पादक मग वॉरंटी मानत नाहीत. सरावाला लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची बॅट ठेवा. पार्किंगमध्ये दुपारच्या झोपेच्या वेळी अ‍ॅल्युमिनियमचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो, तेव्हा शेजारधर्म म्हणून लाकडीच.

चामड्याचेच चेंडू वापरायचे असतील तर ते घालण्याची पद्धत शिकून घ्यावी. बेसबॉलवर शिवणीचे १०८ दुहेरी टाके असतात आणि शिवण नालेच्या आकारात वळते. त्या वळणांच्या मधला रुंद, गुळगुळीत भाग चाकांना टेकेल अशा बेताने प्रत्येक चेंडू सारखाच धरून सोडायचा. शिवण चाकाखाली आली की तोच चेंडू वीतभर आत किंवा बाहेर जातो. चाकं बंद करून, प्लग काढून अधूनमधून त्यांच्याकडे नीट पाहा. मधोमध चकचकीत पट्टा दिसला तर तिथे चामड्याचा मेण आणि धूळ बसलेली असते. बारीक सँडपेपरने हलकं घासून कोरड्या फडक्याने पुसलं की पकड परत येते. तेल किंवा सिलिकॉनचा स्प्रे चाकांच्या जवळपासही नको.

चेंडू घालणारा माणूस हा निम्मा पिचर असतो. मशीनला हात नाही, खांदा नाही, बॅटरला तयारीची खूण कुठेच मिळत नाही. म्हणून चेंडू डोक्याच्या वर धरून दाखवायचा, एक लय धरून खाली आणायचा आणि त्याच लयीत सोडायचा. हात खाली यायला लागला की बॅटर वजन मागच्या पायावर घेतो. दोन चेंडूंमध्ये सहा-सात सेकंद जाऊ द्यावेत. चेंडू फेकताना चाकांचा वेग थोडा पडतो आणि परत चढायला वेळ लागतो. घाई केली की पाचवा-सहावा चेंडू मंदावतो. चेंडू घालणाऱ्यासमोर एल आकाराचा नेटचा पडदा हवाच, आणि त्याच्याही डोक्यावर हेल्मेट. तिपाईच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवा, नाहीतर प्रत्येक चेंडूगणिक मशीन मिलिमीटरभर सरकतं आणि शेवटी चेंडू बॅटरच्या अंगावर येतो. रोज पहिले तीन चेंडू रिकाम्या प्लेटवर टाकावेत, त्यानंतरच बॅटरने आत जावं. चेंडू अडकला तर आधी प्लग, मग हात. बटण बंद केल्यावरही चाकं बराच वेळ फिरत राहतात.

मशीनचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे एकसारखेपणा, आणि बॅटर अडकतो तोही तिथेच. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉलेजच्या बेसबॉल खेळाडूंना सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, जादा बॅटिंग दिली होती. दर वेळी ४५ चेंडू: १५ फास्टबॉल, १५ कर्व्हबॉल (वळणारे), १५ चेंज-अप (फसवे, हळू). एका गटाला ते प्रकारानुसार ओळीने मिळाले, दुसऱ्याला मिसळून. ओळीने खेळलेल्यांचे चांगले फटके सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, मिसळून खेळलेल्यांचे ५७ टक्क्यांनी. जादा सराव न मिळालेल्यांची वाढ ६ टक्के होती. मिसळून खेळताना सरावात फटके चुकतात, मुलं वैतागतात, पण शिकणं त्या वैतागातच होत असतं.

घरच्या साध्या मशीनवर हे मिश्रण साधायला डायल सारखा फिरवत बसायची गरज नाही. बॅटरला हलवा. २५ फुटांवर तो दोन फूट पुढे सरकला की त्याचा वेळ ०.०३४ सेकंदांनी, म्हणजे आठ फ्रेमनी कमी होतो. तो मागे गेला की वाढतो. जमिनीवर खडूने तीन रेघा आखा आणि प्रत्येक चेंडूआधी चेंडू घालणाऱ्याने रेघ सांगावी. प्लेट आठ इंच डावी-उजवी सरकवली की आतला आणि बाहेरचा चेंडू तयार होतो. आतला चेंडू प्लेटच्या पुढे गाठायचा, बाहेरचा आत येऊ द्यायचा. अधूनमधून बॅटरने फक्त उभं राहून चेंडू जाऊ द्यावा आणि तो स्ट्राइक (मारण्याजोग्या टप्प्यातला) होता की बॉल (त्याबाहेरचा), हे मोठ्याने सांगावं. खऱ्या सामन्यात सोडलेल्या चेंडूंनीही बेस मिळतो. एका फेरीत १५ ते २० चेंडू, मग विश्रांती, पाणी. शाळकरी मुलांना दिवसाला तीन-चार फेऱ्यांपेक्षा जास्त देऊ नयेत. दमलेले हात चुकीचा स्विंगही तितक्याच इमानाने लक्षात ठेवतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात लॉस एंजेलिस २०२८ साठी क्रिकेटबरोबर बेसबॉल आणि सॉफ्टबॉललाही जागा मिळाली. विदर्भातल्या शाळांमध्ये सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली कमी नाहीत, आणि त्यांच्यासाठी हीच जागा, हेच नेट चालतं. मुलींच्या फास्टपिचमध्ये, म्हणजे हात खालून फिरवून वेगात चेंडू टाकायच्या सॉफ्टबॉलमध्ये, पिचर ४३ फुटांवर असते आणि पाऊल टाकून साधारण ३७ फुटांवरून चेंडू सोडते. ताशी ९५ किलोमीटरचा तिचा चेंडूही सुमारे ०.४२ सेकंदांतच येतो. म्हणजे २५ फुटांवर वेग तोच, ६५, आणि फ्रेमही त्याच, शंभरच्या आसपास. बदलायच्या गोष्टी दोन. १२ इंची सॉफ्टबॉलचा व्यास ९७ मिलिमीटर असतो, म्हणून चाकांमधली फट सुमारे अडीच सेंटिमीटरने वाढवावी लागते. दुसरं म्हणजे तिथे चेंडू कमरेखालून सुटतो, म्हणून मशीनचं तोंड मांडीच्या मध्यापर्यंत खाली आणून थोडं आणखी वर रोखायचं. फट बदलल्यावर दोन्ही बाजूंचे नट सारखे कसले आहेत ना, हे पट्टी लावून मोजा. एका बाजूला दोन मिलिमीटर जास्त राहिले तर चेंडू तिरका निघतो, आणि सॉफ्टबॉलचं वजन १७८ ते १९८ ग्रॅम, बेसबॉलपेक्षा बरंच जास्त असतं. तेव्हा त्या दिवशी चाचणीचे तीन चेंडू पुरत नाहीत, दहा तरी टाकून पाहा.